लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी सीट कशी लावावी?

सायकलची सीट बसवताना तीन गोष्टी क्रमाने ठरवतात: उंची, पुढे-मागे जागा आणि कल.

उंची : सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला, तर उंची साधारण बरोबर. चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात मग 25 ते 35 अंशांचा बाक उरतो. दुसरी रीत सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने प्रसिद्ध आहे: जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी गुणिले 0.883. ही लांबी 80 सेंमी असेल, तर क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे 70.6 सेंमी अंतर येते. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. फार वर असेल तर मागून दुखतो आणि कंबर डावी-उजवीकडे डुलते.

पुढे-मागे : दोन्ही क्रँक आडव्या असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसावर यावा. हा नियम केवळ सुरुवातीपुरता. सीट मागे सरकवली की पेडलपासूनचे अंतर वाढते, म्हणून उंची पुन्हा तपासावी.

कल : आधी सीट समतल ठेवावी. टोक वर असेल तर नाजूक भागावर दाब येऊन बधिरपणा येतो. फार खाली असेल तर शरीर पुढे घसरते आणि भार तळहातांवर येतो. एखाद-दोन अंश खाली कल अनेकांना मानवतो.

एका वेळी एकच बदल, तोही 2-3 मिमीचा करावा आणि पुढच्या बदलाआधी दोन-तीन लांब फेऱ्या माराव्यात. जमलेल्या उंचीची सीटपोस्टवर टेपने खूण करावी. एवढे करूनही बैठकीची हाडे दुखत राहिली, तर सीटची रुंदी तपासावी.