जखम आहे, पण दुखत नाही
कॉर्नियावरची जखम दुखेनाशी झाली, की डॉक्टर जास्त काळजीत पडतात. डोळ्याची नागीण, मधुमेह किंवा शस्त्रक्रियेमुळे तिथले मज्जातंतू निकामी झाले, की पापणी कमी लवते, अश्रू आटतात, जखम रेंगाळते. या ‘न्यूरोट्रॉफिक केरॅटायटिस’साठी सेनेजर्मिनचे थेंब दोन चाचण्यांत, एकूण १५१ रुग्णांवर तपासले गेले. दिवसातून सहा वेळा, दोन-दोन तासांनी, आठ आठवडे; चिकाटीचंच काम! औषध मिळालेल्या ७० टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली. औषधाविना नुसते थेंब घातलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के, म्हणजे तेही अगदीच नगण्य नाही. तुलनेचा गट लागतो तो यासाठीच. अमेरिकेत २०१८मध्ये मंजुरी मिळाली. औषधातलं प्रथिन रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्या नोबेलविजेत्या (१९८६) संशोधनातलं.