पायातले काळे दाणे

पावसाळा लागला की लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी, शिळ्या भाकरीवर, कोपऱ्यात पडलेल्या चामडी वहाणेवर जी पांढरी-हिरवी लव धरते ना, ती आपण नाक मुरडून फडक्यानं पुसून टाकतो. पण तिच्याच जातकुळीतला एखादा मातीतला गडी माणसाच्या पायात घर करून वर्षानुवर्षं राहतो, आणि तेही घरमालकाला फारसं न दुखवता, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा आता बाता मारायला लागला. बाता नव्हेत, पोरांनो. ऐका तर खरं.

होतं काय, की माणूस अनवाणी रानात जातो, बाभळीचा काटा टाचेत मोडतो, घरी येऊन सुईनं तो काढतो आणि विसरूनही जातो. काट्याबरोबर मातीतली बुरशी आत गेलेली असते, तिला मात्र विसरायचं काही कारण नसतं. काही महिन्यांनी तिथं गाठ येते. आपली माणसं म्हणतात, कुरूप असेल. पूर्वी नारूचे दिवस होते तेव्हा म्हणायची, नारू असेल, जंत बाहेर पडला की बरं होईल. जंत काही बाहेर पडत नाही. गाठ वाढते, पाय सुजत जातो, त्याला भोकं पडतात, आणि त्या भोकांतून पुवाबरोबर बारीक काळे दाणे यायला लागतात, जणू कुणी मोहरी सांडलीय. आणि ठणका? बहुतेकदा नाहीच. तिथंच तर सगळी गोम आहे. दुखत नाही म्हटल्यावर शेतकरी माणूस कशाला तालुक्याला जातोय? सुगी होऊ दे, लग्नं उरकू दे, असं करता करता बुरशी हाडापर्यंत पोचते.

या रोगाची नोंद 1842 साली मदुराईच्या दवाखान्यातल्या गिल नावाच्या डॉक्टरानं केली, म्हणून त्याला मदुरा पाऊल म्हणायला लागले. पण त्याच्या मुळाशी जायचा नाद लागला तो आपल्या मुंबईत बसलेल्या एका चित्रकार डॉक्टराला. हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याचं नाव. बाप चित्रकार, त्यामुळं पोराचा हात असा तयार की ग्रे नावाच्या डॉक्टरानं शरीररचनेवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यातली चित्रं यानं काढली. ते 1858 साली निघालं आणि जगभरातल्या डॉक्टरीच्या पोरांनी त्यावर घोकंपट्टी केली, आजही करतात. नाव मात्र ग्रेचं झालं! चित्र काढणाऱ्याला दीडशे पौंड मिळाले आणि पुढच्या आवृत्त्यांचा छदामही नाही. तोवर हा गडी बोटीत बसून मुंबईला आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला लागला, पुढं साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणूनही राहिला. तर हे चित्रांचं पुराण बाजूला ठेवू, आपण पायाचं बोलत होतो.

कापलेले असे पाय कार्टरपुढं यायचे. तो ते चिरून बघे, दाणे वेगळे करी, सूक्ष्मदर्शकाखाली धरी, आणि जे दिसेल ते कागदावर उतरवी. त्याला दिसलं की काळा दाणा म्हणजे गोठलेलं रक्त नव्हे, घाण नव्हे. एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांची ती घट्ट गोळी आहे, जिवंत. 1860 च्या सुमारास त्यानं सांगून टाकलं की ही बुरशी आहे, आणि रोगाला मायसेटोमा हे नाव दिलं. रोगजंतूंची कल्पना अजून पुरती रुजलेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट, हे ध्यानात घ्या.

आता यातली गंमत बघा. जपून ठेवलेल्या एका नमुन्यावर कार्टरला गुलाबी-तांबडी बुरशी उगवलेली दिसली. सापडला चोर! विलायतेत बर्कली नावाचा पाद्री होता, बुरशीतला मोठा जाणकार. बटाट्यावरच्या करप्यामागं कोण आहे हे त्यानंच आधी ठणकावून सांगितलं होतं. त्यानं या गुलाबी बुरशीला कार्टरच्याच नावावरून नावही देऊन टाकलं. पुढं कळलं, ती बिचारी हवेतून येऊन ओल्या नमुन्यावर बसलेली उपटसुंभ पाहुणी होती, पायाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. निदान बरोबर, आरोपी चुकीचा! खऱ्या आरोपीला मादुरेला हे नाव मिळायला 1905 साल उजाडलं आणि ब्रुम्प्ट नावाचा फ्रेंच माणूस लागला. मला विचाराल तर यात कार्टरचं काही उणं नाही. बुरशीचे बीजाणू सगळीकडं तरंगत असतात, या खोलीतही आहेत. तेव्हा बशीत काहीतरी उगवलं एवढ्यावर कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. ते माणसाच्या मांसात, दाण्याच्या आत सापडावं लागतं.

म्हणूनच आजही प्रयोगशाळेत पहिला मान दाण्याचा. तो मिळवायची युक्ती अगदी साधी आहे: भोकांवर रात्रभर जाळीची पट्टी बांधून ठेवायची, सकाळी दाणे तिच्यावर अडकलेले मिळतात. मग ते मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचे, म्हणजे असे पाहुणे निघून जातात. एक दाणा पोटॅशच्या द्रावात ठेवून दोन काचांमध्ये चिरडायचा आणि बघायचं. जाड धागे, दोन ते सहा मायक्रॉनचे, मधे मधे पडदे असलेले, तर ती बुरशी. धागे अगदी बारीक, एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी जाडीचे, तर ती बुरशी नव्हेच. बुरशीचं सोंग घेतलेले जिवाणू आहेत ते. रंगही बोलतो. काळा दाणा बहुधा बुरशीचा, तांबडा जिवाणूचा, आणि पांढरा-पिवळा असला तर दोघांपैकी कुणाचाही, मग डॉक्टर डोकं खाजवतात.

हे एवढं बारकाईनं कशाला, असं वाटेल. तर जिवाणू असले तर को-ट्रायमोक्साझोल, अमिकासिन अशी औषधं चालतात आणि पाय बहुधा वाचतो. बुरशी असली तर तीच औषधं पाण्यात. तिला इट्राकोनाझोलसारखं औषध वर्षभर, कधी त्याहूनही जास्त द्यावं लागतं, वर चाकू चालवावा लागतो, आणि उशीर झाला असेल तर पाय जातोही. मादुरेला आपल्या धाग्यांभोवती कडक तपकिरी लुकण घालून दाणा असा बांधते की औषध आत शिरता शिरत नाही. तीच बुरशी साबुरो नावाच्या फ्रेंच डॉक्टराच्या साखर-पेप्टोनच्या खाद्यावर लावली तर आठवडेच्या आठवडे रेंगाळत वाढते, आणि खाद्यात तपकिरी रंग सोडते. त्या रंगावरून जाणकार तिला ओळखतात, तरी खात्रीसाठी आता तिचा डीएनए वाचतात.

सगळ्यात जास्त रोगी सुदानात सापडतात. तिथंही बाभळीच्याच कुळातली काटेरी झाडं आणि अनवाणी गुराखी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 साली या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत ज्याची चित्रं काढून झाली होती, त्याला यादीत जागा मिळायला एवढा काळ लागला, कारण तो गरिबाच्या पायाला होतो. दुसरं काय!

तेव्हा रानात जाताना वहाणा घाला. आणि घरात कुणाच्या पायाला न दुखणारी गाठ असेल, तिच्यातून दाणे येत असतील, तर ती पट्टी धुऊन टाकू नका. दाण्यांसकट तशीच डॉक्टरांकडं घेऊन जा आणि दाणा तपासायला सांगा.