जाळी फाडणारा खेकडा आता निर्यातीला

ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात २०१४ च्या सुमारास निळा खेकडा दिसू लागला, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्याला नाव दिलं 'दाएश', म्हणजे आयसिस! कारणही तसंच होतं. नांग्यांनी जाळी फाडायची, अडकलेली मासळी कुरतडायची आणि वर झपाट्यानं वाढायचं.

हा खेकडा मूळचा आपल्या बाजूचा, पश्चिम हिंदी महासागरातला. कोकणात मिळणाऱ्या निळ्या खेकड्याचा अगदी जवळचा भाऊबंद. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, त्या वाटेनं हा खेकडा भूमध्य समुद्रात शिरला आणि १८९८ मध्ये तिथे त्याची नोंदही झाली. एक मादी लाखो अंडी घालते, त्यामुळे हातानं वेचून तो संपणारा नव्हताच.

मग सरकारनं २०१७ मध्ये त्याच्या मासेमारीला चालना दिली. खास सापळे आले, प्रक्रिया कारखाने निघाले, गोठवलेला माल परदेशी जाऊ लागला. ज्याच्या नावानं बोटं मोडायची, त्याच्यावरच घरं चालू लागली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नुकसान सोसणाऱ्यांच्याच हाती पैसा आला.

पण खरी मेख इथेच आहे. बाजाराला मोठे, भरलेले खेकडे हवेत. समुद्राला हवंय की अंडीवाल्या माद्या आणि पिल्लंही कमी व्हावीत. शिवाय खेकड्यावर पोट अवलंबून राहिलं की तो संपावा असं कोणाला वाटेल? म्हणून माझं ठाम मत आहे, की अशा मासेमारीत लहान खेकड्यांनाही दर मिळायला हवा, मग तो खत किंवा पशुखाद्यासाठी का असेना.