कठड्याचे लोखंड: वजन आणि मजबुती

व्हरांड्याच्या कठड्यासाठी लोखंड निवडताना, जे वजनदार ते मजबूत, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः मजबुती केवळ वजनावर नव्हे, तर धातूच्या अंतर्गत घडणीवर अवलंबून असते. बीड (ओतीव लोखंड) यात कार्बन सुमारे २ ते ४ टक्के असल्याने ते दाब उत्तम सोसते, परंतु आघाताने वाळक्या काटकीप्रमाणे कडकन तुटते. सौम्य पोलाद (अत्यल्प कार्बनचे लोखंड) मात्र ओल्या फोकाप्रमाणे वाकते, सहसा तुटत नाही. म्हणून ज्यांवर माणसे रेलतात ते खांब व गज पोलादाचे असावेत आणि बीड नक्षीपुरते राखावे. जस्ताचा मुलामा (गंजरोधक लेप) वेल्डिंग पुरे झाल्यावरच देण्याची तजवीज करावी. आधी दिल्यास सांध्यांवरील जस्त उष्णतेने जळते आणि गंजास तेथेच वाव मिळतो.