ग्लॅडस्टोन यांची भरपाई आणि कलकत्त्याची जहाजे

ऑगस्ट २०२३ मध्ये गयानाची राजधानी जॉर्जटाउन येथे ब्रिटनमधील ग्लॅडस्टोन घराण्याच्या वंशजांनी जाहीर माफी मागितली. पूर्वजाने गुलामांच्या श्रमावर उभारलेल्या संपत्तीबद्दलची ही माफी होती. पण तीत भारतातून नेलेल्या गिरमिटिया मजुरांचाही समावेश होता. त्याची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली गेली, असे वाटत नाही.

हे पूर्वज म्हणजे लिव्हरपूलचे व्यापारी जॉन ग्लॅडस्टोन; चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टोन यांचे वडील. ब्रिटिश गयानातील डेमेरारा येथील आपल्या मळ्यांवर त्यांनी कधी पाऊलही ठेवले नाही. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द केली, ती मालकीहक्काची पूर्ण बूज राखून. मुक्त होणाऱ्यांना छदामही नाही, मालकांना मात्र दोन कोटी पौंड! ग्लॅडस्टोन यांच्या वाट्याला २,५०८ माणसांपोटी एक लाख सहा हजारांहून अधिक पौंड आले. या भरपाईच्या कर्जाचा शेवटचा हिशेब थेट २०१५ मध्ये मिटला. म्हणजे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले कॅरिबियन आणि भारतीय वंशाचे करदातेही तो भार वाहत होते.

पैसा मिळाला तरी ऊस तोडणार कोण, हा प्रश्न उरलाच. जानेवारी १८३६ मध्ये ग्लॅडस्टोन यांनी कलकत्त्याच्या गिलँडर्स, अर्बथनॉट या पेढीला पत्र लिहून मजुरांची चौकशी केली. आपण कोठे जातो आणि प्रवास किती लांबीचा, याची मॉरिशसला पाठवलेल्या मजुरांना कल्पनाही नसते, असे पेढीने निःसंकोचपणे कळवले. ही जणू मालाची खुबीच! त्यात छोटा नागपूरचे ‘धांगड’ विशेष वाखाणले होते. (आरक्षणाच्या वादामुळे हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे.) ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या जहाजांनी ५ मे १८३८ रोजी ३९६ मजूर डेमेराराला पोहोचवले. तेथील पूर्वीच्या गुलामांची सक्तीची ‘उमेदवारी’ त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १ ऑगस्टला संपली. मजुरांच्या छळाच्या बातम्या लंडनला पोहोचल्यावर ही वाहतूक थांबवली गेली, पण १८४५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९१७ पर्यंत चालली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता. सरकारी बहुमताने तो फेटाळला.

ग्लॅडस्टोन यांची संपत्ती मुलांमध्ये वाटली गेली आणि त्या वारशाला कागदोपत्री आधार राहिला. मजुरांच्या वारसांकडे असलाच तर एखादा करार किंवा जहाजाच्या यादीतील नाव. अशा स्थितीत भरपाईचा दावा कोणी, कोणाकडे आणि कोणत्या आधारे करायचा? गयानाचे अध्यक्ष इरफान अली यांनी माफीच्याच सुमारास, गुलामगिरीचा लाभ घेतलेल्यांच्या वंशजांकडे नुकसानभरपाईची उघड मागणी केली. अली स्वतः भारतीय वंशाचे आहेत.