चकचकीत कार्बोरेटरने वेग वाढतो का?

वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, दुचाकींच्या नकाशावर ठळक झाले. कारखान्याभोवती ॲल्युमिनियमचे ओतकाम, यंत्रण आणि सुट्या भागांचा मोठा व्याप उभा राहिला. अशा शहरात इंजिन उघडून बसणाऱ्या हौशी हातांची वानवा नसते. शर्यतीसाठी मोटारसायकल सज्ज करायची, की अनेकांचे लक्ष आधी कार्बोरेटरकडे जाते. आतला मार्ग घासून, बफ लावून आरशासारखा केला म्हणजे हवा विनासायास आत जाईल, असा हा हिशेब. तो वरवर पटतो. पण हवेचे शास्त्र त्याला फारशी साथ देत नाही. उलट या हौसेची किंमत कधी कधी पिस्टनला मोजावी लागते.

कार्बोरेटरचे मर्म त्याच्या अरुंद गळ्यात असते. गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि या उतरलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर खेचले जाते. बर्नोलीने १७३८ मध्ये मांडलेले तत्त्व ते हेच.

आता भिंतीकडे पाहू. १५० सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ९ हजार फेऱ्या घेत असेल, तर २६ मिलिमीटरच्या गळ्यात शोषणाच्या काळात हवेचा वेग ढोबळमानाने सेकंदाला ६० मीटरच्या घरात जातो. प्रवाह पूर्णपणे प्रक्षुब्ध असतो. तरीही भिंतीला लागून हवेचा एक अतिपातळ, संथ थर टिकून राहतो. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये ‘सीमास्तरा’ची कल्पना मांडली, हा थर म्हणजे त्या सीमास्तराचा अगदी तळ. वरील उदाहरणात त्याची जाडी सुमारे २५ मायक्रॉन भरते. पृष्ठभागाचे उंचवटे या थराखाली झाकले गेले, तर वरून धावणाऱ्या हवेला ते जाणवतच नाहीत. साच्यात दाबाने ओतलेल्या कार्बोरेटरच्या भिंतीवरील खडबडीतपणा साधारणपणे काही मायक्रॉनांचाच असतो. म्हणजे तासन्‌तास बफिंग करून जे मिळवायचे, ते साच्यातून आधीच मिळालेले असते.

येथे गोल्फच्या चेंडूचा दाखला हमखास दिला जातो. खळग्यांमुळे चेंडू लांब जातो, मग कार्बोरेटरलाही खळगे पाडले तर? दाखला फसवा आहे. चेंडूवरचे खळगे सीमास्तर प्रक्षुब्ध करतात, त्यामुळे हवा चेंडूच्या पाठीला अधिक काळ चिकटून राहते आणि मागे ओढणारी पोकळी लहान होते. नळीतली हवा आधीच प्रक्षुब्ध असते आणि भिंतीला धरूनच वाहते. तेथे खळग्यांनी घर्षणच वाढायचे.

खरी गळती अन्यत्र आहे. नळीचे तोंड धारदार असेल, तर आत शिरतानाच हवेच्या गतिज दाबाचा सुमारे निम्मा भाग वाया जातो. तेच तोंड सनईच्या टोकासारखे गोलाईदार केले, तर हे नुकसान काही टक्क्यांवर येते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या जोडावर बाहेर डोकावणारे गॅस्केट किंवा अर्ध्या मिलिमीटरची पायरी, ही सर्व पॉलिशपेक्षा महत्त्वाची. पण पायरी काढून कुणी मिरवत नाही. चकाकी दाखवता येते.

सिलिंडर हेडमधील पोर्टचे प्रकरण थोडे निराळे. ते बहुधा वाळूच्या गाभ्यावर ओतलेले असल्याने तेथील खरखर खरोखर मोठी असू शकते आणि ती काढणे योग्यच. मात्र पेट्रोलचे काही थेंब भिंतीवर बसून त्यांचा ओला पापुद्रा तयार होतो. अगदी गुळगुळीत भिंतीपेक्षा किंचित खरखरीत भिंतीवर तो फुटून हवेत मिसळण्यास मदत होते, असे अनेक ट्यूनर मानतात. म्हणून शोषणाचा पोर्ट ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर सोडण्याची पद्धत आहे. धुराचा पोर्ट मात्र चकचकीत केलेला चालतो. तेथे ओले पेट्रोल नसते आणि काजळीही कमी धरते.

धोका घासण्याच्या अतिरेकात आहे. २६ मिलिमीटरच्या गळ्याची भिंत सर्व बाजूंनी जेमतेम पाव मिलिमीटर झिजली, तर क्षेत्रफळ सुमारे ४ टक्के वाढते. जेट तेच राहिले, तर पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही आणि मिश्रण पातळ होते. पूर्ण थ्रॉटलवर पातळ मिश्रण म्हणजे ज्वलनकक्षातील वाढते तापमान, ठोके आणि शेवटी जाम झालेला किंवा डोक्याला भोक पडलेला पिस्टन. त्यामुळे गळ्याला हात लावला, की जेट बदलून स्पार्क प्लगचा रंग तपासणे क्रमप्राप्त ठरते. फार पांढरा पडलेला प्लग दिसला, तर गाडी ट्रॅकवर नेण्याआधी मोठा जेट बसवावा.

भारत स्टेज-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींत इंधन इंजेक्शनने कार्बोरेटरची जागा जवळपास पूर्णपणे घेतली. जुन्या गाड्यांवर मात्र तो अजून आहे आणि त्याच्यासोबत बफिंगची हौसही.