ईयोबाचे गाऱ्हाणे

बायबलच्या जुन्या करारातील ईयोब ह्या पुरुषाचे नाव आपल्याकडे बहुधा एकाच संदर्भात घेतले जाते: सोशिकपणाचा आदर्श म्हणून. ह्या कीर्तीचे मूळ नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आहे. तेथे ईयोबाच्या धीराचा ओझरता उल्लेख आला आणि पुढील काळातील प्रवचनकारांनी तेवढाच उचलून धरला. परंतु 42 अध्यायांचा मूळ ग्रंथ जो कोणी सलग वाचील, त्याला निराळाच ईयोब भेटेल. हा ईयोब पहिले दोन अध्याय मुकाट्याने सोसतो, आणि तिसऱ्यापासून एकतिसाव्या अध्यायापर्यंत देवाविरुद्ध तक्रार मांडतो. दुःखात ईश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे काय, हे ख्रिस्ती धर्मपरंपरेच्या दृष्टीने समजून घ्यावयाचे असेल, तर यहुदी लोकांकडून तिने वारसाहक्काने घेतलेल्या ह्या ग्रंथाला वगळून चालणार नाही.

कथा थोडक्यात अशी. ऊस नावाच्या देशात ईयोब राहतो. सात मुलगे, तीन मुली, 7,000 मेंढरे, 3,000 उंट, 500 बैलजोड्या, 500 गाढवी असे त्याचे वैभव. देवाच्या दरबारात सैतान येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हिब्रू मूळात ह्या शब्दामागे निश्चयवाचक उपपद आहे, म्हणजे ते विशेषनाम नसून 'तो आरोप करणारा' एवढाच त्याचा अर्थ, दरबारातील एक प्रकारचा सरकारी वकीलच म्हणा ना! त्याचा प्रश्न असा, की ह्या माणसाची भक्ती फुकटची आहे काय? त्याला मिळत आहे म्हणून तो भजतो. काढून घ्या आणि पाहा. मग एका दिवसात संपत्ती जाते, मुले जातात, आणि पुढे अंगभर फोड येऊन ईयोब राखेत बसतो.

आपल्या वाचकाला येथे हरिश्चंद्राची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कीर्तनकारांच्या तोंडी ती कथाही स्वर्गातील पैजेपासूनच सुरू होते. पण साम्य येथेच संपते. हरिश्चंद्राची परीक्षा दिलेल्या शब्दाची आहे. काय पाळावयाचे हे त्याला ठाऊक आहे. ईयोबाने कोणताही शब्द दिलेला नाही. आपली परीक्षा चालली आहे हेसुद्धा त्याला माहीत नाही, आणि ग्रंथ संपेपर्यंत ते त्याला कोणी सांगतही नाही. वाचकाला जे दुसऱ्या अध्यायापूर्वीच कळते, ते नायकाला शेवटपर्यंत कळत नाही. दुःखात असलेल्या माणसाची खरी स्थिती हीच असते.

आता मित्रांविषयी. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे त्याचे सांत्वन करण्यास येतात. प्रथम ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. एक शब्दही बोलत नाहीत. माझ्या मते त्यांच्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. तोंड उघडल्यावर मात्र त्यांचे सारे बिघडते. त्यांचा सिद्धांत सुटसुटीत आहे: देव न्यायी आहे, न्यायी देव निरपराध्याला शिक्षा करीत नाही, तुला शिक्षा झाली आहे, तेव्हा तुझ्या हातून पाप घडलेच असले पाहिजे, शोध, कबूल कर, म्हणजे सुटशील. पहिल्या फेरीत ते हे सौम्यपणे सुचवितात. पुढे पुढे त्यांना सिद्धांत वाचविण्याची इतकी घाई होते, की अलीफज ईयोबावर विधवांना रित्या हाताने लावून दिल्याचा आरोपही करून मोकळा होतो. पुराव्याची गरज त्याला वाटत नाही. सिद्धांत हाच पुरावा.

शिक्षकांनी हा भाग विशेष वाचावा असे मला वाटते. दरवर्षी आपल्या वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी मृत्यू येतो, आणि दहा दिवसांनी तो मुलगा पुन्हा बाकावर येऊन बसतो. त्याला काहीतरी बोलले पाहिजे म्हणून आपण प्रारब्धाची, ईश्वरी इच्छेची किंवा 'ह्यातूनही काही चांगलेच निघेल' अशी भाषा बोलू लागतो. तीत त्या मुलापेक्षा स्वतःच्या मनाचे समाधान अधिक असते. अलीफजही वाईट माणूस नव्हता.

मित्र आणि ईयोब ह्यांच्या भाषणांत रचनेचा एक भेद आहे. तिघे मित्र देवाविषयी पुष्कळ बोलतात, पण देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब मात्र मित्रांना उत्तर देता देता मध्येच तोंड फिरवितो आणि देवाला 'तू' म्हणून हाक मारतो. तू मला का लक्ष्य केलेस? क्षणभर तरी माझ्यावरची दृष्टी काढशील काय? आपला वाद ऐकून निवाडा करणारा कोणी मध्यस्थ का नाही? अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेपुढे 'गाऱ्हाणे' घालण्याची रीत आहे. गाऱ्हाणे ही विनवणी खरी. पण ऐकणारा समोर आहे आणि त्याने ऐकलेच पाहिजे, हा हक्कही तीत असतो. ईयोबाची भाषणे ह्या जातीची आहेत. विठ्ठलाशी भांडणाऱ्या जनाबाई-तुकारामांच्या वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

हा सूर केवळ ईयोबाचाच आहे असेही नव्हे. बायबलातील 150 स्तोत्रांपैकी मोठा भाग विलापांचा आहे. त्यातले 88 वे तर काळोखाच्या उल्लेखावरच थांबते; शेवटी आशेचा किरण वगैरे काही येत नाही. आणि मत्तय व मार्क ह्यांच्या शुभवर्तमानांप्रमाणे वधस्तंभावर येशूने जो आक्रोश केला, तो 22 व्या स्तोत्राच्या आरंभीचा, देवाने मला का टाकले असा प्रश्न आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानीच हा प्रश्न उभा आहे. त्यामुळे तक्रार म्हणजे अश्रद्धा, असे त्या धर्माच्या नावाने सांगणे शास्त्राला धरून होणार नाही.

अभ्यासूंसाठी एक पाठभेद नमूद करण्यासारखा आहे. तेराव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात हिब्रू 'लो' हा शब्द येतो. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, उच्चार एकच. एका लेखनाने अर्थ होतो 'नाही', दुसऱ्याने 'त्याला'. मूळ लेखनात पहिला आहे, आणि परंपरागत वाचनासाठी यहुदी पंडितांनी समासात दुसरा सुचविला आहे. पहिला धरला तर, देव मला मारणार, मला आशा उरलेली नाही, असा आशय निघतो. दुसरा धरला तर, त्याने मला मारले तरी मी त्याच्याकडेच आशा लावीन, असा. एका अक्षराच्या फरकाने निराशा आणि भरवसा ह्यांची अदलाबदल होते. कोणता पाठ खरा ह्यावर पंडितांचा वाद आहे. दोन्ही पाठांत वचनाचा उत्तरार्ध मात्र एकच राहतो: मी माझी बाजू त्याच्या तोंडावर मांडीनच.

अखेर 38 व्या अध्यायात वावटळीतून देव बोलतो, आणि तेही प्रश्नांतूनच. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? जेथे मनुष्यवस्ती नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो? रानगाढव, शहामृग, घोडा, बहिरी ससाणा, पुढे बेहेमोथ आणि लिव्याथान असे प्राणी डोळ्यांपुढून जातात. ईयोबाच्या मुलांविषयी एक अक्षर नाही. कित्येक वाचकांना हे उत्तर म्हणजे दरडावणी वाटते, आणि तसे वाटणे अगदीच निराधार नाही. तरी ईयोबाने मागितले होते ते स्पष्टीकरणापेक्षा अधिक, म्हणजे प्रत्यक्ष भेट. आणि ती त्याला मिळते. त्याहून महत्त्वाचा तो उपसंहारातील निवाडा. देव अलीफजला सांगतो, की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाची बाजू घेणारे खोटे ठरले, आणि देवाला जाब विचारणारा खरा ठरला!

शेवटी संपत्ती दुप्पट होते: 14,000 मेंढरे, 6,000 उंट. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात आणि तीन. गेलेल्यांची भरपाई झाली असे ग्रंथकार कोठेही म्हणत नाही.

मराठीत ह्या वृत्तीचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1870 नंतरच्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तो गप्प बसण्यासाठी नव्हे. तेथील धर्मभगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार पाहावा. पटल्याविना कोणताही सिद्धांत मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. 1896 च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना त्यांनी केडगावला आश्रय दिला. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी समग्र बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर 1924 मध्ये छापून प्रसिद्ध झाले. ईयोबाचा ग्रंथ अर्थातच त्यात आहे.

ज्यांना तो प्रथमच वाचावयाचा असेल, त्यांनी पहिले तीन अध्याय वाचून मित्रांच्या भाषणांची एक फेरी, म्हणजे चौदाव्या अध्यायापर्यंत, घ्यावी. पुढील दोन फेऱ्यांत तोच वाद अधिक कडवट होतो, तो वेगाने वाचला तरी चालेल. अठ्ठाविसाव्या अध्यायातील खाणीचे आणि ज्ञानाचे काव्य चुकवू नये. अलीहू नावाच्या तरुणाची 32 ते 37 ह्या अध्यायांतील भाषणे पुष्कळ विद्वान मागाहून घातलेली मानतात. ती शेवटी राखून ठेवावी. आणि 38 वा अध्याय शक्य तर मोठ्याने वाचावा.